पत्र्याचं माहेर

धुळ्यात पाचकंदिलापाशी रस्त्याच्या कडेला लाल घागरी मांडल्या गेल्या म्हणजे आखाजी आली. त्यासाठी पंचांग बघावं लागत नाही. घागरींच्या शेजारी डांगरांचा ढीग असतो. बाहेरगावचे लोक त्याला खरबूज म्हणतात, म्हणोत बापडे. आमच्या खानदेशात ते डांगरच. परवा कंपनीच्या बसमधून उतरून घरी येताना मी त्यातलं एक उचलून नाकाशी नेलं. हाताला दिवसभराच्या लोखंडाचा वास होताच, त्यामुळे दोन्ही वास एकदम आत गेले आणि मी तिथेच उभी राहिले. विकणारी बाई म्हणाली, “लेनं शे का नुसतं सुंगनं शे, माय?” मी घेतलं. न घेऊन सांगते कोणाला!

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीचा महाराष्ट्र त्या दिवशी सोनं घेतो, आम्ही माहेरी जातो. निंबाला झोका बांधायचा, आमरस-सांजोऱ्या खायच्या, भर उन्हात गाणी म्हणायची आणि कोणी काम सांगितलं तर ऐकू न आल्यासारखं करायचं. त्याच दिवशी सकाळी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि वर डांगर ठेवतात. सासरी गेलेल्या लेकी आणि देवाघरी गेलेली माणसं, दोघंही एकाच दिवशी घरी येतात. उन्हातून आलेली असतात, म्हणून पाणी आधी.

लेकीला न्यायला माहेराहून जो माणूस येतो तो मुराळी. भाऊ असला तर भाऊ, नाहीतर बाप. आमच्या जिभेवर ‘ळ’ टिकत नाही, त्याचा ‘य’ होतो, त्यामुळे बोलताना तो मुराई. मुराई दारात आल्याशिवाय लेक पिशवी उचलत नाही. नवऱ्यानं गाडीवर नेऊन सोडलं तर पोहोचते ती पोहोचतेच, पण त्याला पार्सल पोहोचवणं म्हणतात.

मी नरडाण्याच्या एमआयडीसीत पत्रा वाकवते. लोकांना सांगितलं की आधी माझ्या दंडांकडे बघतात. वाकवतं ते मशीन, मी त्याला किती ते सांगते. खाली खाच असलेला साचा, वर लांबलचक पंच, मध्ये चपटा पत्रा. पायानं पेडल दाबलं की पंच सावकाश उतरतो आणि पत्र्याच्या दोन्ही बाजू वर उठतात. विजेच्या पॅनेलच्या पेट्या होतात, दवाखान्यातल्या यंत्रांची झाकणं होतात, कुठल्या तरी मोठ्या मशीनच्या पोटात बसणारे लहान लहान तुकडे होतात. ते एकदा बसले की पुन्हा कोणाच्या दृष्टीला पडत नाहीत, पण कोन अर्धा अंश चुकला तर बसतच नाहीत.

हे काम करून करून डोळ्यांना खोड लागते. सगळं कोनात दिसायला लागतं. रिक्षावाल्यानं बाहेर काढलेला कोपर, दुपारच्या उन्हात सायकलवर वाकलेला माणूस, सासूबाईंची पाठ. आमच्या लग्नाच्या फोटोत माझी मान चांगली चाळीस अंश खाली आहे. पाहुण्यांना वाटतं, लाजली. मुंडावळ्या टोचत होत्या.

आयटीआयला शीट मेटलचा ट्रेड करून मी कंपनीत लागले तेव्हा मला नानांच्या हाताखाली दिलं. नाना म्हणजे आमच्या विभागातले सगळ्यात जुने ऑपरेटर. शिंदखेड्याकडचे. मिशा पांढऱ्या, कानावर मार्कर, आणि मशीन सुरू केल्यावर पहिले काही फेरे ते रिकामेच मारायचे. तेल थंड असतं, त्याला जरा जागं होऊ द्यायचं, असं म्हणायचे. माझा पहिला तुकडा स्टेनलेसचा होता. कागदावर नव्वद अंश लिहिलेले. मी अगदी नव्वदवर आणून पाय काढला, तुकडा बाहेर घेतला, मोजला तर ब्याण्णव. पुन्हा मोजला. ब्याण्णवच. पत्रा दाब सुटला की थोडा मागे उघडतो, हे मला माहीत होतं. त्याचं इंग्रजी नाव परीक्षेत सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. पण हातातला तुकडा असा डोळ्यांदेखत मागे सरकलेला मी कधी पाहिला नव्हता.

नाना म्हणाले, “पोरी, पत्राले माहेर ऱ्हास.”

“काय ऱ्हास?”

“माहेर. तू वाकाडं, तो वाकस. पन तुना हात निंघना का थोडा मांगे जास. जठून उना तठे देखस. त्याले नव्वदवर बसाडनं व्हई ते अठ्ठ्याऐंशीवर लई जाय. दोन त्याना माहेरना.”

मी हसले, पण ते हसत नव्हते. त्यांनी मला तीन प्रकारच्या पत्र्यांची ओळख करून दिली. साध्या लोखंडाचं माहेर जवळचं, सकाळी जाऊन संध्याकाळी येण्यासारखं. अ‍ॅल्युमिनियमचं त्याहून लांब. स्टेनलेसचं सगळ्यात ओढीचं, ते मागे बघितल्याशिवाय राहतच नाही. पुढे कळलं की हा शब्द एकट्या नानांचा नाही, सगळ्या विभागाचाच आहे. “माहेर कितलं धरं?” असं एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर ओरडून विचारायचे आणि पलीकडून आकडा यायचा. मशीनच्या पडद्यावर इंग्रजी शब्द असायचा, आमच्या तोंडात हा.

वाकवायची अजून एक रीत आहे. पंच इतका जोरात दाबायचा की घडीतला पत्रा पार चेपला जातो. मग तो मागे येत नाही, माहेर धरायची गरजच नाही. नानांना ती रीत आवडायची नाही. कोणी तसं करताना दिसलं की म्हणायचे, “तुम्हीन त्यानं माहेर मारी टाकं, आते तो तडकी.” घडीवर तडा जाईल ही त्यांची भीती. साहेबही नकोच म्हणायचे, साचा लवकर झिजतो म्हणून. दोघांची कारणं वेगळी, पण सांगणं एकच, त्यामुळे कोणाचं ऐकायचं हा प्रश्न नसायचा.

माझं लग्न झालं आणि मी धुळ्यात आले. माझं माहेर पाचोऱ्याच्या पुढे, रिक्षानं जायच्या अंतरावरचं गाव. आई मी शाळेत असतानाच गेली होती. भावंड नाही. घरात वडील एकटे, त्यांना मी भाऊ म्हणायची, सगळा गावच म्हणायचा. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला भाऊ मुराळी म्हणून आले, ते घरी न येता सरळ नरडाण्याला कंपनीच्या गेटवर. बगलेत छत्री, हातात कापडी पिशवी, पिशवीत डांगर. वॉचमनला म्हणाले, “मनी पोर आठे लोखंड वाकाडस. तिले लेवाले उनू.” वॉचमननं नानांना बोलावलं, नानांनी साहेबांना विचारून त्यांना आत आणलं. पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभे राहून भाऊंनी मला पत्रा वाकवताना पाहिलं. आयुष्यभर मी त्यांना शेतात पाहिलं होतं, त्यांनी मला माझ्या शेतात पहिल्यांदाच पाहिलं. पेडलवरचा माझा पाय उगीचच हळू झाला.

नानांनी त्यांना पत्र्याच्या माहेराची गोष्ट सांगितली. भाऊ इतके हसले की डोळे पुसायला टोपी काढावी लागली. मग विचारलं, “आनि पत्राना मुराई कोन, नाना?”

“त्याले मुराई लागत नही, भाऊ. तो आपला आपलाच जास.”

“मंग त्यानं चांगलं शे,” भाऊ म्हणाले.

माझा तो पहिला बिघडलेला तुकडा मी कंपनीतल्या माझ्या कपाटात ठेवला होता. भंगारात टाकायला जीव झाला नव्हता. भाऊंनी तो मागून घेतला आणि पिशवीत डांगराशेजारी ठेवला. कशाला, ते सांगितलं नाही.

त्याच हिवाळ्यात भाऊ गेले. कापसाची वेचणी संपत आली होती. दुपारी जेवून ओट्यावर आडवे झाले ते उठलेच नाहीत. सगळं झाल्यावर मी घराला कुलूप लावलं आणि किल्ली घेऊन धुळ्याला आले. चुलते सुरतला, त्यांचा संसार तिकडेच. गावातली माणसं चांगली, सगळ्यांनी येत जा म्हणून सांगितलं. पण येत जा म्हणणारं माणूस आणि न्यायला येणारं माणूस यात फरक असतो. किल्ली मी कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. कपाट उघडलं तरी त्या बाजूला हात घालायची नाही.

आणि मग वैशाख आला. त्या वैशाखाबद्दल लिहायचं म्हणून बसले आणि एवढं मागचं सांगत बसले.

नरडाण्याचा वैशाख ज्यानं पाहिला नाही त्याला उन्हाळा म्हणजे काय ते कळणार नाही. शेडचं छप्परही पत्र्याचंच. दुपारी ते तापून वर कट् कट् वाजायचं आणि नाना वर बघून म्हणायचे, “त्याले बी जानं शे.” हातमोज्यातून पत्र्याची धग लागायची. सकाळी मशीनला जागं करावं लागायचं नाही, तेल रात्रभर झोपलेलंच नसायचं. माठातलं पाणी दुपारपर्यंत कोमट. बाहेर निंबाखाली जेवायला बसलं की डब्यात मोहोर पडायचा, आणि विभागातल्या बायका कोणाचा मुराई कधी येणार याच्या गोष्टी करायच्या. मी डबा लवकर संपवायची.

घरी कोणी काही बोलत नव्हतं, तेच जड होतं. नवरा एकदा म्हणाला, “मी सोडतो ना तुला.” मी म्हटलं, “कुठे?” चांगला आहे बिचारा. त्याचा काय दोष? एकटी जाऊ शकले असते. एसटी आहे, पाय आहेत. पत्रा नाही का आपला आपला जात! पण पत्र्याला कुलूप उघडायचं नसतं. आत कोणी नाही हे माहीत असून दार ढकलायचं, हे मला जमणार नव्हतं. आणि मी गेले नाही तर भाऊंच्या पहिल्याच आखाजीला त्यांच्या नावाची घागर कोणी भरणार नव्हतं. उन्हातून येतील आणि ओट्यावर पाणी नसेल. हे मी कोणाला सांगितलं नाही. रोज बसमध्ये खिडकीशी बसून हेच.

त्या दिवशी स्टेनलेसचं काम चाललं होतं. पत्र्याचा नवा गठ्ठा आला होता आणि तो आधीच्यापेक्षा हट्टी होता. दोन अंश धरून भागेना. मी तुकडा मोजला आणि पलीकडे नानांना दाखवला. मशीनांच्या आवाजात नाना तिथूनच ओरडले, या वेळी शुद्ध मराठीत, कारण शेजारी पुण्याहून नुकतेच आलेले नवे साहेब उभे होते: “रेखाचं माहेर कमी पडतंय! वाढवून द्या तिला!”

साहेब वयानं तरुण, मनानं सरळ. ते माझ्यापाशी आले, आवाज खाली केला आणि म्हणाले, “मॅडम, माहेर वाढवून हवं असेल तर संकोच करू नका. आखाजीचं मला इथल्या लोकांनी सांगितलंय. दोन दिवसांचा अर्ज द्या, मी सही करतो.”

आधी शेजारच्या मशीनवरची बाई हसली. मग पलीकडचा. मग सगळा विभाग. साहेबांना कळेना काय झालं, नानांनी समजावलं तेव्हा तेही कपाळाला हात लावून हसले. मीही हसले. खूप हसले. हसता हसता पत्र्यांच्या थप्पीमागे गेले, तिथे खाली बसले, आणि भाऊ गेल्यापासून जे रडू आलं नव्हतं ते सगळं आलं. सुतकाच्या दिवसांतही मी रडले नव्हते, तेव्हा पाहुण्यांचा चहा बघत होते. नाना आले, माझ्या आणि लोकांच्या मध्ये पाठ करून उभे राहिले. मशीनचा आवाज चालू होता, ते बरं झालं.

साहेबांनी सुट्टी दिलीच. हसण्यावारी नेली नाही. दोन दिवस सुट्टी होती, फक्त माहेर नव्हतं.

माझ्या सासूबाईंना गल्ली अक्का म्हणते, मीही अक्काच म्हणते. गोड बोलणं त्यांच्या स्वभावात नाही. सून कारखान्यात जाते हे त्यांनी सुरुवातीला औषध घेतात तसं घेतलं. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की या मशीनवर बोटं जातात. तेव्हापासून मी घरात पाय टाकला की पहिला शब्द तोच: “बोटं दखाड.” मी दोन्ही पंजे पुढे करायची. अक्का बघायच्या. “दहा शेत. हात धू.” एवढंच स्वागत. माझ्या मैत्रिणींच्या सासवा आल्या आल्या चहा विचारतात म्हणे.

त्या संध्याकाळी अक्का गच्चीवर वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होत्या. बोटं दाखवून झाली. मी त्यांच्यासमोर बसले आणि दिवसभराची गंमत सांगितली. नाना काय ओरडले, साहेब काय समजले, सगळे कसे हसले. थप्पीमागचं सांगितलं नाही. मला वाटलं अक्काही हसतील. त्यांच्या हातातली कुरडई डब्याच्या वरच थांबली.

“पत्राले बी माहेर ऱ्हास?”

“नाना म्हनतस तसं.”

“आनि तुले सुट्टी भेटनी?”

“भेटनी.”

अक्कांनी कुरडई डब्यात ठेवली, मोडू न देता. मग दुसरी. मग खाली निघून गेल्या. मला वाटलं, रागावल्या. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आली म्हणून असेल. रात्री मी पडल्या पडल्या खालच्या स्वयंपाकघरातून तळणाचा वास येत होता तो घेत राहिले, आणि आखाजीची तयारी चालली असेल म्हणून कूस बदलली.

आखाजीच्या आदल्या दिवशी उजाडताना अक्का माझ्या उशाशी उभ्या होत्या. ठेवणीतलं लुगडं, डोक्यावरून पदर, हातात पिशवी. पिशवीतून सांजोऱ्यांच्या डब्याचं झाकण दिसत होतं.

“उठ. गाडी भरी जाई.”

“कोठे जानं शे?”

“तुना माहेर.”

मी उठून बसले. “अक्का, तुम्ही?”

“मंग कोन? पत्राले बी माहेर ऱ्हास, मंग तुले काबरं नही?”

त्या दुसरीकडे तोंड करून म्हणाल्या, “किल्ली ले. लुगडास्ना खाले शे.”

म्हणजे त्यांना माहीत होतं.

गल्लीतून निघालो तर समोरच्या काकू दारात. “अक्का, कोठे निंघन्यात सासू-सुना?” अक्कांनी चाल कमी न करता सांगितलं, “इना मुराई शे मी.” काकू म्हणाल्या, “अव माय! सासू कधी मुराई व्हस का?” अक्का म्हणाल्या, “आज व्हयनी.” मागून नवरा दारात येऊन विचारत होता, जेवणाचं काय? “तुले दोन हात शेत,” अक्का म्हणाल्या, तेही मागे न बघता.

पारोळा, भडगाव करत एसटी निघाली. अक्कांचे गुडघे धरलेले, पाय लांब करायला जागा नाही, तरी खिडकीची जागा मला दिली. रस्त्यात प्रत्येक स्टॉपवर मुराई आणि लेकी चढत होत्या. नव्या साड्या, कडेवरची पोरं, हातात पिशव्या. अक्का सगळ्यांकडे बघत होत्या. त्यांचं माहेर तापीकाठचं. मी या घरात आले तोवर तिथे कोणी उरलेलं नव्हतं आणि त्याबद्दल मी त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. पारोळ्याच्या पुढे त्या आपणहून म्हणाल्या, “मना भाऊ गया, तैन्हपासून आखाजीले मी दारमां उभी ऱ्हायनी नही. लोकेस्ना मुराई देखाले का उभं ऱ्हानं?” गिरणेच्या पुलाजवळ रिक्षा बदलावी तशी आम्ही गाडी सोडली, कारण नदीच्या पात्रात डांगरवाड्या होत्या आणि अक्कांना बाजारातलं डांगर चालणार नव्हतं. वेलावरून तोडलेलं हवं. वाळूतून दुखऱ्या गुडघ्यांनी चालत जाऊन त्यांनी चार डांगरं नाकाला लावली आणि पाचवं घेतलं.

पुढची गाडी आणि मग रिक्षा करून गावी पोहोचलो. घराचं कुलूप गंजलं होतं. किल्ली आत जाईना. रोज कोनाच्या आणि तेलाच्या गोष्टी करणारी मी, आणि कुलपाला तेल हवं हे मला सुचेना. अक्कांनी पिशवीतून केसांच्या तेलाची बाटली काढली, कुलपात दोन थेंब सोडले, पदरानं पुसलं आणि बाजूला झाल्या. “आते फिराव.” किल्ली फिरली. दार मी ढकललं. माझ्या पाठीवर त्यांचा हात होता, त्यामुळे ढकलता आलं.

आत बंद घराचा वास होता, आणि थोडा भाऊंच्या तंबाखूचा. खुंटीवर छत्री. फळीवर आईचा फोटो होता. पूर्वी तो नेहमी घसरून पडायचा, म्हणून भिंतीला दोरीनं बांधलेला असायचा. आता दोरी नव्हती. फोटो एका चकचकीत पत्र्याच्या तुकड्यात उभा होता, किंचित मागे टेकलेला. माझा बिघडलेला तुकडा. ब्याण्णव अंशांचा. नव्वदचा असता तर फोटो पुढे कलंडला असता. मी अक्कांना ते दाखवलं. त्यांनी फोटोवरची धूळ पुसली आणि होता तसाच परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घागर. अक्का नुसत्या शेजारी बसल्या, घागरीला हात लावला नाही. “लेक शेस तू. तूच भर.” मी भाऊंचं नाव घेऊन पाणी ओतलं. वर गिरणेच्या पात्रातलं डांगर ठेवलं, त्यावर दोन आंबे, दोन सांजोऱ्या. चुलीत पितरांचा घास टाकला. आणि मग ओट्यावर, सगळ्या गल्लीसमोर रडले. या वेळी मध्ये कोणी पाठ करून उभं राहिलं नाही. अक्कांनी पदराचं टोक माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः दुसऱ्या टोकानं डोळे पुसले.

दहा-बारा वर्षं झाली असतील याला. नाना निवृत्त होऊन गावी गेले. आमच्याकडे आता नवं मशीन आहे. ते प्रत्येक घडी स्वतःच मोजतं आणि पत्रा किती मागे येईल ते ओळखून तेवढं जास्त वाकवतं. समोर न दिसणारा उजेडाचा पडदा आहे, बोट आत गेलं की पंच जागच्या जागी थांबतो. फोनवर नानांना सांगितलं तर म्हणाले, “भू चांगलं व्हयनं. बोटं वाचनीत.” माहेराचं काही बोलले नाहीत. नवीन लागलेल्या पोरी मात्र मशीनच्या स्क्रीनवरच्या त्या आकड्याला अजून माहेरच म्हणतात. त्यांनी नानांना पाहिलेलंही नाही. कालच एक जण दुसरीला विचारत होती, या गठ्ठ्याचं माहेर किती दाखवतंय. मी ऐकून पुढे गेले. उजेडाच्या पडद्याची गोष्ट मी अक्कांनाही सांगितली आहे. नीट ऐकून घेतात, बरं झालं म्हणतात आणि संध्याकाळी विचारतात, “बोटं दखाड.”

यंदाचा अर्ज दिला आहे. घेतलेलं डांगर खिडकीत ठेवलंय, घरभर वास आहे. अक्कांनी पिशवी भरायला काढली आहे. गुडघा आता फार वाकत नाही, एसटीची पायरी चढताना खालून आधार द्यावा लागतो. मुराईला लेकीनं गाडीत चढवायचं, अशी आमची नवी रीत. त्या रीतीवर त्या रस्ताभर कुरकुर करतात.

पण मला आठवतो तो त्या पहिल्या वेळचा झोका. घागर भरून झाली होती, जेवणं झाली होती, गल्ली उन्हात सुस्त पडली होती. मला वाटलं आता निघायचं. अक्का अंगणात जाऊन निंबाकडे मान वर करून बघत होत्या. फांदीवर जुन्या दोराचा घासलेला वळ तसाच होता.

“दोर कोठे ठेवस तुना बाप?”

माळ्यावर होता. मी फांदीवर टाकला, दोन्ही बाजू मोजून सारख्या केल्या, गाठी तपासल्या. “मोजत काय बठनी? बस,” अक्का ओरडल्या. मी म्हटलं, मोठी झाले मी आता, लोक हसतील. “हासू दे,” त्या म्हणाल्या आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या.

लहानपणापासून त्या जागी भाऊ उभे राहायचे. त्यामुळे बसल्यावर मी डोळे मिटले. पहिला धक्का आला, मी पुढे गेले, गरम वारा तोंडावर आला, पाय जमिनीवरून सुटले. मग झोका मागे फिरला. मागे कोण आहे हे माहीत असूनही मी दोर घट्ट धरला आणि अंग आखडून घेतलं. तेवढ्यात दोन खरखरीत तळवे माझ्या पाठीला लागले, आणि कानाशी आवाज आला, नेहमीसारखाच, रागावल्यासारखा:

“अंग सैल सोड. मांगे मी शे ना.”